‘झालं? आवाजच नाही आला!’ : गरोदरपणातली हळुवार कायरोप्रॅक्टिक समजून घेताना

सातव्या महिन्यातल्या बाईला ‘कंबर कुठं दुखते?’ असं विचारलं तर ती बहुतेक वेळा नेमकं बोट ठेवते. कमरेच्या खाली, पाठीवर दोन्ही बाजूंना खळ्या दिसतात ना, तिथं. त्यातही एका बाजूला जास्त. कधी पुढच्या बाजूला, जांघांच्या मधोमध असलेल्या हाडावर. सरळ उभं असताना फारसं दुखत नाही. पण एका पायावर उभं राहून दुसरा पाय पायजम्यात घालताना, जिना चढताना, गाडीतून उतरायला एक पाय बाहेर काढला की, आणि रात्री कूस बदलताना जीव जातो. या सगळ्या हालचालींत एक गोष्ट सारखी आहे: शरीराचा भार एका बाजूवर येतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढं कामाला येईल.

अशा वेळी गोळ्यांचे पर्याय मोजकेच उरतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं विसाव्या आठवड्यानंतर टाळायला सांगतात. मग हातांनी करायच्या उपचारांकडे लक्ष वळतं, आणि त्यातलाच एक म्हणजे कायरोप्रॅक्टिक. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढं मान कटकन फिरवणारे व्हिडिओ येतात. पोटात बाळ असताना असलं काही करायचं या विचारानंच पोटात गोळा येतो. गरोदर बाईवर प्रत्यक्षात जे करतात ते मात्र बऱ्याचदा इतकं हळू असतं, की काही झालं यावर विश्वास बसत नाही.

मैत्रिणीच्या आठव्या महिन्यात मी तिच्यासोबत एका कायरोप्रॅक्टर बाईंकडं गेले होते. पहिली वीस मिनिटं हात लावणं नाहीच, नुसते प्रश्न. अंगावरून रक्त जातंय का, पाणी जातंय का, वार कुठं आहे, प्रसूतितज्ज्ञांना इथं येताय हे सांगितलंय का. मग रक्तदाब मोजला. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं, आणि तिनं भिंत धरली. त्यानंतर तिला मधोमध खोलगट असलेल्या टेबलावर कुशीवर झोपवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, कमरेखालच्या रुंद हाडावर तळहात टेकवला आणि मिनिटभर तसाच ठेवला. ‘दुखलं तर लगेच सांगा हं, सहन करायचं नाही,’ एवढंच त्या अधूनमधून म्हणत होत्या. पंधरा मिनिटांनी मैत्रीण उठून बसली आणि काहीशा निराशेनंच म्हणाली, ‘झालं? आवाजच नाही आला!’

तेव्हा आधी त्या आवाजाचाच निकाल लावू.

सांध्याभोवती एक बंद पिशवी असते आणि तिच्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. त्या घडामोडीचा तो कट् आवाज. बोटं मोडताना होतो तोच. (इथं शब्दशः मोडायची बोटं म्हणतेय, कुणाच्या नावानं मोडायची नव्हे.) 2015 साली संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून ही पोकळी तयार होताना टिपली होती. एकदा आवाज झाला की साधारण वीस मिनिटं तोच सांधा पुन्हा वाजत नाही, कारण वायूला परत विरघळायला वेळ लागतो. म्हणजे हाड सरकलं होतं आणि ते जागेवर बसलं, असा त्या आवाजाचा अर्थ नाही. आवाज आला म्हणून गुण आला असंही नाही आणि नाही आला म्हणून पैसे फुकट गेले असंही नाही.

‘मणका सरकलाय’, ‘हाड जागेवर नाही’, ‘गॅप आलीय’ ही भाषा आपल्या तोंडात इतकी बसली आहे की उपचार करणारेही तीच बोलतात. शरीर तसं चालत नाही. कमरेखालचं त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, आणि दोन्ही बाजूंची खुब्याची हाडं यांच्यातले सांधे शरीरातल्या सर्वांत मजबूत अस्थिबंधांनी बांधलेले असतात. त्यांची हालचाल दोन-चार अंशांची आणि दोन-चार मिलिमीटरची. तळहाताच्या दाबानं ते जागचे हलून दुसरीकडं बसत नाहीत. मणका खरोखरच पुढं घसरण्याचा एक आजार आहे, पण तोही हातानं ढकलून मागं जात नाही.

मग बरं का वाटतं? दाबामुळं आणि ताणामुळं स्नायू आणि सांध्यातल्या संवेदनांचा एक नवा प्रवाह मेंदूकडं जातो, वेदनेचा आवाज काही काळ खाली येतो, आखडलेले स्नायू सैल सोडतात. हालचाल सोपी होते. दुखरी जागा कुणीतरी नीट तपासली, ‘बाळाला यानं काही होत नाही’ असं सांगितलं, याचाही वाटा असतो आणि तो कमी लेखू नये. परिणाम असतो, पण बहुधा माफक आणि थोड्या काळापुरता. हाड बसवलं असेल तर गोष्ट तिथंच संपायला हवी. आखडलेपण सोडवलं असेल तर ते पुन्हा आखडू नये म्हणून रोज काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि खरा उपचार तिथूनच सुरू होतो.

या सरकलेल्या हाडाच्या कल्पनेचा उगम जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी 18 सप्टेंबर 1895 रोजी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, अशी या शास्त्राची जन्मकथा. अडचण अशी की ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून ती जातच नाही. पामर यांचं म्हणणं होतं की मणक्यांचे बारीक विस्थापन, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सबलक्सेशन’, हेच बहुतेक आजारांचं मूळ. 2010 मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं, म्हणजे याच व्यवसायाच्या नियामक संस्थेनं, ही कल्पना ऐतिहासिक आहे आणि ती आजाराचं कारण असल्याला पुरावा नाही असं जाहीर केलं. तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून या व्यवसायात दोन घरं आहेत. एक कंबर, मान, सांधे यांपुरतं बोलणारं, दुसरं कण्यात सगळ्या आरोग्याची किल्ली पाहणारं. तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात हे पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात कळतं.

आता हळुवार म्हणजे नेमकं काय काय. नावं बरीच आहेत, पण तत्त्व एकच: झटका काढून टाकायचा किंवा त्याचा जोर टेबलाला, यंत्राला, नाहीतर वेळेला वाटून द्यायचा.

सगळ्यांत जास्त दचकवणारं आहे ‘ड्रॉप’ टेबल. टेबलाचा कमरेखालचा भाग बोटभर उचलून अडकवलेला असतो. त्या जागी हातानं हलका दाब दिला की तो भाग खाली पडतो, धप्प असा आवाज येतो. तो आवाज टेबलाचा, हाडाचा नव्हे, हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या वेळी काळजात धस्स होतं. उपयोग असा की दाब फार लागत नाही, शरीर पिळावं लागत नाही. दुसरा प्रकार यंत्राचा: 1960च्या दशकात अमेरिकेत दोन कायरोप्रॅक्टरांनी ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचं हातात मावणारं स्प्रिंगचं अवजार विकसित केलं. स्टेपलर दाबल्यासारखं टक् होतं, बस. तिसऱ्या प्रकारात रेग्झिनमध्ये मढवलेले पाचरीसारखे ठोकळे खुब्याखाली सरकवतात आणि माणसाला काही मिनिटं तसंच पडू देतात; शरीराचं वजनच काम करतं. आणखी एक प्रकार कंबर हळूहळू ताणून सोडणाऱ्या, सांध्यावर दुमडणाऱ्या टेबलाचा. आणि शेवटी नुसता टेकवलेला हात, जो मैत्रिणीच्या वाट्याला आला.

एक गंमत मात्र सांगायला हवी. हळुवार म्हणजे जास्त गुणकारी असं नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, साध्या कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये (गरोदर नव्हे), हातानं दिलेल्या झटक्याचा गट चार आठवड्यांनी पुढं होता, तर यंत्राच्या गटात आणि नेहमीच्या वैद्यकीय उपचारांच्या गटात लक्षणीय फरक नव्हता. सहा महिन्यांनी तर तिन्ही गट सारखेच. गरोदरपणी हळुवार पद्धत निवडायची ती सोय आणि सुरक्षिततेसाठी, तिच्यात काही गूढ शक्ती आहे म्हणून नव्हे. स्पर्श जितका हलका, तितकाच दावाही हलका हवा.

गरोदरपणात ही जागा मुळात का दुखते, यावरही थोडं. वजन साधारण 11 ते 16 किलोनं वाढतं, तेही पुढच्या बाजूला, त्यामुळं तोल सांभाळायला पाठीचे स्नायू दिवसभर ओढून धरलेले. शिवाय ‘रिलॅक्झिन’ नावाचं संप्रेरक अस्थिबंध सैल करतं. एवढं वाचून वाटतं, सांधे ढिले झाले म्हणून दुखतं, संपलं. पण रिलॅक्झिन रक्तात सर्वांत जास्त असतं ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि दुखणं जोर धरतं ते बहुधा उत्तरार्धात. कुणाचं रिलॅक्झिन किती आणि कुणाचं किती दुखतं याचा मेळ अभ्यासांतही नीट बसलेला नाही. पुढच्या जघनास्थीच्या सांध्यात एरवी चार-पाच मिलिमीटरची फट असते, ती गरोदरपणी दोन-तीन मिलिमीटरनं वाढते. पण हे सगळ्यांचंच होतं आणि बऱ्याच जणींना काही दुखत नाही. म्हणून ‘तुमचा खुबा वर चढलाय’ असं कुणी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं, की मी जरा सावध होते.

पुरावा काय म्हणतो? अलीकडंच सुरू झालेल्या कंबरदुखीवर मणक्यांच्या हस्तोपचारानं माफक फरक पडतो. 2017 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वेदना शंभराच्या मापावर सुमारे दहानं उतरलेली दिसली. गरोदर बायकांबद्दलचा 2015 चा कॉक्रेन आढावा (एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासणारा) 34 चाचण्या आणि 5,121 बायकांचा आहे. त्यात कंबरदुखीसाठी सगळ्यांत ठळकपणे पुढं आला तो व्यायाम. गरोदरपणातल्या निव्वळ कायरोप्रॅक्टिकच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. म्हणून हा उपचार व्यायामाच्या जोडीनं करून पाहायला हरकत नाही. व्यायामाच्या ऐवजी नको.

आता पायाळू बाळाचं प्रकरण. इथं गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून जरा थांबते. 1980च्या दशकात अमेरिकेतले कायरोप्रॅक्टर लॅरी वेबस्टर यांनी एक पद्धत पुढं आणली: त्रिकास्थीजवळ हलका दाब, पोटाच्या पुढच्या बाजूच्या अस्थिबंधावर हलका स्पर्श. ओटीपोटातला ताण कमी झाला की बाळाला वळायला जागा मिळते, असा तर्क. लगोलग ‘वेबस्टर केलं आणि बाळ वळलं’ अशा गोष्टी पसरल्या, आणि त्या सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नव्हत्या. पण आकडे पाहा. 28व्या आठवड्याच्या सुमाराला शंभरातली वीस-पंचवीस बाळं पायाळू असतात. दिवस भरेपर्यंत तीन-चारच उरतात. म्हणजे बहुतेक सगळी आपणहून वळतात. त्या काळात मी रोज कुंडीला पाणी घातलं असतं तरी माझ्या ‘पद्धती’चं यश डोळे दिपवणारं ठरलं असतं! या पद्धतीनं बाळ वळतं हे दाखवणारी, दोन गट पाडून केलेली नीट चाचणी नाही. ती शिकवणारी संघटनाही आता तिचं वर्णन आईच्या ओटीपोटाच्या सांध्यांसाठीची पद्धत असं करते, बाळ वळवण्याची पद्धत असं नाही.

यात धोका स्पर्शाचा नाही, वेळ जाण्याचा आहे. 36व्या आठवड्यानंतर बाळ आपणहून वळण्याची शक्यता झपाट्यानं घटते. त्याच सुमाराला प्रसूतितज्ज्ञ रुग्णालयात, बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवून, पोटावरून हातांनी बाळ वळवायचा प्रयत्न करतात आणि तो साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतो. ‘आणखी चार बैठका करून बघू’ म्हणत ती वेळ हुकली, तर हळुवार उपचार चांगलाच महागात पडला म्हणायचा.

तान्ह्या बाळांबद्दल माझं मत याहून कडक आहे. पोटशुळानं संध्याकाळभर रडणारं बाळ घेऊन आईबाप कुठंही जायला तयार होतात, आणि तिथं कुणीतरी सांगतं की जन्माच्या वेळी मान आवळली गेली. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं, उपचार करा अथवा न करा. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या आणि 325 बाळं होती. बाळ कमी रडलं असं दिसलं खरं, पण आपल्या बाळावर उपचार झाला की नाही हे आईबापांना ठाऊक नसलेल्याच चाचण्या धरल्या, तेव्हा तो फरक खात्रीलायक उरला नाही. रडणं मोजणारे आईबापच होते ना. ऑस्ट्रेलियात 2019 मध्ये व्यवसायाच्या नियामक मंडळानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांवर असे उपचार थांबवायला सांगितलं. बाळाची हाडं अजून बरीचशी कूर्चेची, मान नाजूक, डोकं शरीराच्या मानानं जड. मान कायम एकाच बाजूला वळलेली असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट त्यासाठी आहेत. कानदुखी, दमा, अंथरूण ओलं होणं यांवर कण्याचे उपचार विकणाऱ्यांकडं तर वळूच नये. घरातल्या थोरांचं म्हणाल, तर हाडं ठिसूळ झालेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजीआजोबांना झटक्याचे प्रकार वर्ज्य.

आणि मान. गरोदर असो वा नसो, माझ्या लेखी झटका देऊन मान फिरवणं नको. मानेतल्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अशा घटना दुर्मीळ आहेत आणि कारण सिद्ध करणं अवघड आहे, कारण धमनी आधीच फाटत असेल तर तिनंच मान दुखते आणि माणूस उपचाराला येतो. पण बाळंतपणाच्या आसपासचा काळ अशा इजांसाठी तसाही जरा नाजूक. दुसरं कारण याहून महत्त्वाचं. विसाव्या आठवड्यानंतर जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं ही रक्तदाब वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणं असू शकतात. ‘मान अवघडली असेल’ म्हणून ती दाबत बसलं, तर आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात. बाळंतपणानंतर सहा आठवडे ही शक्यता उरते. त्या बाईंनी आधी रक्तदाब का मोजला, हे मला नंतर कळलं.

याखेरीज रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतरानं येणाऱ्या कळा, वार खाली असणं, बाळाची हालचाल मंदावणं, ताप, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखणं, पायातली ताकद जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, लघवीवरचा ताबा सुटणं: यांपैकी काहीही असेल तर टेबलावर चढायचंच नाही, आधी रुग्णालय. उत्तरार्धात पाठीवर सपाट फार वेळ झोपवलं आणि चक्कर आली, मळमळलं, तर लगेच डाव्या कुशीवर वळा. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं म्हणून तसं होतं. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं मात्र नेहमीचं.

शिक्षणाची चौकशी करायला लाजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण वेळ कायरोप्रॅक्टरसाठी किमान 4,200 तासांचं प्रशिक्षण धरलं आहे, त्यातले निदान हजार तास देखरेखीखाली रुग्णांवर. काही देशांत ही पदवी कायद्यानं बांधलेली आहे, काही ठिकाणी शनिवार-रविवारच्या वर्गानंतरही पाटी लागते. गरोदर बाईला कण्याचा एक्स-रे काढायला सांगणं, पहिल्याच भेटीत चाळीस बैठकांचं पॅकेज, ‘घरच्या सगळ्यांचंच करून घ्या’ असा आग्रह: यातलं एकही ऐकलं तर पर्स उचलायची. चार-सहा भेटींत फरक पडला नाही, तर पुढंही पडायची आशा कमीच.

आता सुरुवातीची ती गोष्ट, एका बाजूवरचा भार. तो टाळणं घरीच जमतं आणि माझ्या मते अर्ध काम तिथंच होतं. पायजमा बसून घालायचा. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय जोडून बाहेर, मग उठायचं. रात्री कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवायचे, मध्ये उशी असेल तर ती घट्ट धरायची, श्वास सोडायचा आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं ओंडक्यासारखं एकत्र वळवायचं. बहुतेक बायका आधी गुडघा टाकतात आणि कंबर मागून फरपटत येते, तिथंच कळ निघते. दुखणं जास्त असेल तर खुब्याभोवती बांधायचा पट्टा मिळतो. तो पोटावर नाही, पोटाच्या खाली बांधायचा.

मैत्रिणीला त्या दिवशी टेबलावर काय लाभलं कोण जाणे, पण कूस बदलायची ही युक्ती तिला त्याच बाईंनी शिकवली होती, आणि ती तिनं बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत सोडली नाही. बहुतेक जणींचं दुखणं प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत आपसूक ओसरतं. तिचंही ओसरलं.